चित्रातलं आमचं घर

बेळगावात हल्ली कुणाच्याही निरोप समारंभाला शाल-नारळाबरोबर एक फ्रेम देतात. किल्ल्याची वेस, दगडी चर्च, जुनी घरं अशी रेघांनी काढलेली चित्रं असतात ती. एकदा काढली आणि ढिगानं छापली. दातांच्या दवाखान्यात, साड्यांच्या दुकानात, आमच्या कॉलेजच्या ऑफिसातही तीच. त्यातलं एक शहापुरातल्या घराचं आहे. कौलं, लाकडी सज्जा, दारापुढं मोकळी फरसबंदी. ते माझं माहेर.

ऑफिसात हे सांगताना मला बरंच वाटलं होतं. बरोबरच्या दोघी म्हणाल्या, "मग दाखवा की एकदा." एका शनिवारी त्यांना घेऊन गेले.

घरासमोर थांबलो तरी एकजण पुढं बघत होती. "अजून किती आत आहे?"

"हेच," मी म्हणाले.

सज्ज्याखाली पुढं काढलेलं पत्र्याचं शेड, त्यातून मागाचा खडखडाट, वर वायरींचा गुंता. तिनं मोबाइलवर ते चित्र शोधलं, एकदा त्यात बघितलं, एकदा घराकडं. "अच्छा," एवढंच म्हणाली. "शेड नंतरचं आहे," मी घाईनं सांगितलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं ते चित्र कधी बघितलंच नव्हतं. मोबाइल हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. "लई देखणं काढलंय की," म्हणाली. मग पाहुण्यांकडं वळून, ओशाळून, "आम्हीच बिघडवलं बघा. ह्येंच्या मागाला जागा नव्हती, म्हणून पत्रा मारला."

आई माझ्या ऑफिसातल्या बायकांची माफी मागत होती. त्याच पत्र्याखाली माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विणलं म्हणून मी कॉलेजला गेले. हे तिथंच बोलायला हवं होतं. मी मात्र चहात साखर किती, ते विचारत बसले.

त्या दोघींनी पुढच्या आठवड्यात आईसाठी तीच फ्रेम पाठवली, चांगल्या मनानं. आईनं ती पुढच्या सोप्यात लावली आणि माझ्या भावाच्या, अण्णाच्या, मागं लागली, शेड काढ.

"मग माग कुठं ठेवू? डोक्यावर?" अण्णा म्हणाला. आप्पा गेल्यापासून तोच विणतो.

मी समजावलं, "आई, राहू दे गं. त्यावरच जगलो आपण."

"जगलो की. पण लोक चित्र बघून येतात, त्यास्नी कसं दिसतं?"

शेवटी अण्णानं शेडवरनं पुढं हिरवी जाळी सोडली. रस्त्यावरनं आता पत्रा दिसत नाही. आत अंधार झालाय, वाराही लागत नाही. भर दुपारी ट्यूबलाइट लावून तो बनियनवर विणत असतो. मी गेले की "आलीस?" एवढं विचारतो आणि पुन्हा मागाकडं वळतो. मी चप्पल काढून, त्याच्याकडं न बघता, आत जाते.