सुनीताच्या पिठाच्या डब्यावरचा कागद

सुनीता, माझी धाकटी बहीण, सकाळी गेली आणि दुपारपर्यंत तिला चुडा भरता आला नाही. सवाशीण गेली की हिरवा चुडा भरूनच न्यायची, ही आमच्या सोनाळ्यातली रीत. मूत्रपिंडाच्या आजारानं तिचे हात सुजले होते. दुकानातून आणलेल्या बांगड्या चढेनात, दोन फुटल्या. शेजारची रुक्मा म्हणाली, "अवं, जैतूनबीले बलवा ना कोनी." गावाला बांगड्या भरणाऱ्या जैतूनबीचं नाव निघताच बायका खाली पाहू लागल्या. मी बाहेर खुर्चीवर बसून ऐकलं... उठलो नाही. शेवटी बांगड्या दोऱ्यानं मनगटाला बांधल्या आणि तिला नेलं.

याला महिना झाला. कोणी सुनीताला वाघीण म्हणतं, कोणी गाव नासवणारी. दोघांनाही ठाऊक नसलेली गोष्ट मी लिहितो आहे.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा तिनं मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले. ओट्यावर पिठाचा मोठा डबा, त्याला टेकवलेला फोन आणि फोनच्या वर डब्याला खळीनं चिकटवलेला कागद. काय बोलायचं ते त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचो. ती हसायची, "दादा, शेंगोळे हायेत हे, शाळेची तपासनी नाही. थोडं आपल्यासारखं लेहा ना!" माझ्या फोनवर निवृत्त मंडळींच्या ग्रुपात रोज काहीबाही यायचं... यांच्यापासून सावध राहा, त्यांच्याकडून काही घेऊ नका. मला ते पटत गेलं. माझ्या तोंडून ते कोणी ऐकलं नसतं. पण सुनीता शेंगोळे वळता वळता "बायांनो" म्हणून सांगायची आणि ते माहेरच्या सल्ल्यासारखं घराघरांत शिरायचं. पाहणाऱ्या वाढल्या, दुसऱ्या तालुक्यांतून हळदीकुंकवाची बोलावणी येऊ लागली. तिलाही ते आवडलं, हेही लिहायला हवं.

मग एका संक्रांतीच्या आधी मी लिहिलं, 'परक्या धर्माच्या हातात आपलं मनगट देऊ नका.' ती वाचता वाचता थांबली. "दादा, माह्या लग्नाचा चुडा जैतूनबीनंच भरला व्हता."

"तिचं नाव कुठं घेतलं आपन?" मी म्हणालो.

तिनं वाचलं. त्या संक्रांतीपासून जैतूनबीची बांगड्यांची टोपली आमच्या गल्लीत आली नाही. तो सुनीताचा शेवटचा व्हिडिओ. पुढे आजार बळावला आणि दुसरा कागद चिकटवायची वेळ आली नाही. एकदा म्हणाली, "काहाडून टाकू का तो व्हिडिओ? जैतूनबी मले पाहून रस्ता बदलते." मी म्हणालो, "आता काहाडला तं लोक भित्री म्हनतीन. राहू दे." आता तो काढला आहे, पण तिच्या फोटोला फुलं लावून लोक अजून तोच एकमेकांना पाठवतात.

तेरावं झाल्यावर मी जैतूनबीकडे गेलो. ते वाक्य माझं होतं, एवढंच बोललो.

"ठाव हाय, मास्तर," ती म्हणाली. "आवाज सुनीताचा, पन बोलनं तुमचं. वीस साल तुम्हीच तं माये अर्ज लेहून देत होते, वळखनार नाही का?" मग तिनं विचारलं, "चुडा कोनं भरला तिले?"

मी दोऱ्याचं सांगितलं. तिनं डोळे मिटले. "साबन लावून भरला असता मी. बलावलं काऊन नाही?"

काल सुनीताच्या घरी, मेहुणे बापूरावांकडे गेलो. डबा ओट्यावर आहे, कागदही आहे. फक्त ती एक ओळ नखानं खरवडलेली, अर्धवट.

"हे कधी केलं तिनं?"

"हात सुजले तवा, जायच्या दोन महिने आधी," बापूराव म्हणाले. "म्या म्हनलं, ओल्या फडक्यानं काढून देतो. तं म्हने, राहू द्या, दादाले दिसलं पायजे."

ती जाण्याआधीचे दोन महिने मी रोज सकाळी त्याच डब्यासमोर बसून चहा पीत होतो.