समोरच्या दुकानाचा व्हिडिओ

शहागंजात माझं ब्लँकेटचं दुकान आहे आणि बरोबर समोर एका घोंगडीवाल्याचं. दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ आधी मी काढला. एका फोनवर कंपनी ठरवली. ड्रोन उडाला, मी ब्लेझर घालून हसलो. बघणारे म्हणाले, ब्लेझर छान होता.

घोंगडीवाल्याची तऱ्हाच वेगळी. महिनाभर त्याच्याकडं व्हिडिओवाले येत होते आणि बघायचं नाही म्हटलं तरी मला सगळं दिसायचं. आलेल्या माणसाचं बोलणं मध्येच थांबवून तो त्याच्या मांडीवर घोंगडी टाकायचा. "डोळे मिटा. हात फिरवा, वास घ्या. काय आठवलं ते सांगा."

चौघं कॅमेऱ्याबद्दलच बोलत राहिले. त्यांना त्यानं चहा पाजून वाटेला लावलं. पाचव्या कंपनीच्या पोरीनं घोंगडी नाकाशी धरली. मग म्हणाली, "आजोबा आठवले, काका. मेंढरं चारून यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला असाच वास असायचा."

"व्हय, मग तुम्हीच करा," तो म्हणाला आणि मला हाक मारली, "या शेठ, चहाला! लई दिवसांनी माणूस भेटलं."

गिऱ्हाईक आहे असं खोटंच सांगून मी जायचं टाळलं. शटर अर्धं ओढलं, डोळे मिटले आणि माझ्याच ब्लँकेटवर हात फिरवला.

मला समोरचं दुकान आठवलं.