दुधाळ पाणी आणि माझं पत्रक

बातमी आली तेव्हा मी इंदूरच्या पलासियाला नाल्याच्या प्रश्नावर पत्रकं वाटत होते. कॉलेजच्या क्लार्कचा फोन होता, तुमचे समुद्रवाले सर गेले म्हणून. मी उरलेली पत्रकं वाटून संपवली, मग राऊची बस धरली. त्याला आता दीड महिना झाला.

सर मूळचे मालवणचे, राऊच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. इंदूरला समुद्र नाही, तर यांनी लॅबमध्ये काचेच्या टाकीत मिठाचं पाणी करून कालवं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, ठेवली होती. प्रश्न एकच. कालवाला डोळे नाहीत, जागचं हलता येत नाही. मग नराने बीज आणि मादीने अंडी एकाच वेळी पाण्यात सोडायची, हे ठरतं कसं? सर सांगायचे, आधी शरीराच्या आतला संप्रेरकाचा निरोप सुटतो. मग एका नराचं बीज पाण्यात पसरलं, की त्यातलं रसायन शेजारच्यांपर्यंत जातं आणि तेही सोडू लागतात. "तुझ्या पत्रकासारखंच," मला टोमणा असायचा, "फक्त ते सगळे वाचतात." सेरोटोनिन या रसायनाचं इंजेक्शन दिलं की कालवं सोडतात, हे त्यांनी करून पाहिलं होतं. त्यांना ते आपसूक झालेलं बघायचं होतं. तीन वर्षं वाट बघत होते.

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, टाकी माझ्याकडे असायची. मे महिन्यात तपासणीची टीम येणार होती. प्रिन्सिपलांचा हुकूम होता, सब चकाचक दिसलं पाहिजे. त्या दुपारी लाइट गेली, पाणी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं, सर पेपरच्या ड्युटीवर. मी आले तर टाकी दुधासारखी पांढरी. वास नव्हता, तरी मला वाटलं सडलं. विचारलं नाही कोणाला. बादल्या भरभरून बेसिनमध्ये ओतल्या आणि नवीन पाणी भरलं.

सर आले. तळाशी गढूळ पाणी उरलेली शेवटची बादली त्यांनी उजेडात धरून बघितली.

"सडलं नव्हतं बेटा. हेच बघायचं होतं."

माद्यांनीही सोडलं होतं का, त्यांनी विचारलं. मी बघितलं नव्हतं… त्यांनी बादली खाली ठेवली आणि मला चहा घेऊन ये म्हणाले. कालवांनी त्यानंतर पुन्हा कधी काही सोडलं नाही.

पुढच्या वर्षी मी पत्रक काढलं: दिखाऊ सफाईसाठी कॉलेज प्रशासनाने संशोधन गटारात घातलं. जोरदार लिहिलं होतं, गाजलंही. सरांनी स्टाफरूममध्ये ते पूर्ण वाचलं, घडी घालून मला परत दिलं. म्हणाले, "हुकूम त्यांचा होता, हे बरोबर. बादली कोणाच्या हातात होती, तेही लिही." मी हो म्हटलं. नंतर आंदोलनं होती, धरणं होती. चूक कबूल केली तर प्रशासन सुटेल, असंही मी स्वतःला सांगत राहिले. सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

शोकसभेत सरांच्या एका सहकाऱ्याने तेच पत्रक श्रद्धांजली म्हणून वाचून दाखवलं. प्रिन्सिपल मान खाली घालून बसले होते. मी तिसऱ्या रांगेत होते आणि उठले नाही.

सभेनंतर लॅबमध्ये गेले. टाकी कोरडी आहे, काचेवर मिठाची रेघ. बेसिनच्या वर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'पाणी ओतण्याआधी विचारा.' नव्या मुलांना तो लॅबचा नियम वाटतो. ती माझ्यासाठी होती. पाणी मी ओतलं होतं.