हिरव्या झाकणाचा डबा

मिस्तरीचा उभा जन्म भिंती रंगवण्यात गेला, पण डोकं दुखतंय म्हणून तो कधी शिडीवरून खाली उतरला नव्हता. भिंत आणि छत मिळतात तिथली रेघ तो चिकटपट्टी न लावता एका दमात ओढायचा. बायको खाली भिंत घासता घासता वर बघून म्हणायची, "अहो, श्वास तरी घ्या!" दोघांचं काम एकत्र, जेवणाचा डबाही एकत्रच.

या सगळ्यावर पाणी ओतलं एका दुकानदारानं. नव्या रंगाचा हिरव्या झाकणाचा डबा देताना म्हणाला, "जरा जपून हं. हा सगळ्यांना सोसत नाही. एक जण चक्कर येऊन पडला म्हणे." झालं! अरे, तुला विचारलं होतं का कुणी? डबा द्यावा, गप्प बसावं. मिस्तरीनं धसका घेतला तो घेतलाच.

झाकण उघडलं की मळमळ, शिडीवर पाय ठेवला की घाम, बोटांना मुंग्या. डॉक्टरांनी छाती-पोट सगळं तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. मिस्तरी घरी येऊन म्हणतो कसा, "बघ, डॉक्टरांनाही सापडत नाही, म्हणजे केवढं मोठं असेल!" बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी वैतागून तिनं नवा रंग बंद केला आणि घरात पडलेला नेहमीचा जुना रंग काढला. रंगकामात डबा कधी वाया जात नाही. जो रिकामा असेल तो धुवायचा आणि त्यात ओतायचं. तिनंही हात सवयीनं चालवला आणि जुना रंग त्या रिकाम्या, धुतलेल्या हिरव्या झाकणाच्या डब्यात ओतला. नवऱ्याला सांगायचं राहूनच गेलं.

मिस्तरी आला, डबा घेऊन वर चढला आणि थोड्याच वेळात पांढराफटक होऊन उतरला. मोरीत जाऊन भडाभडा ओकला. ती ओरडायला तोंड उघडणार, तोच तिची नजर डब्यावर गेली. तिला हसूच फुटलं. सुटलो बाई एकदाचे!

"अहो, यात आपला जुना रंग आहे! मीच ओतलाय. बाधलं कुठं काय? सगळं तुमच्या डोक्यात आहे!"

मिस्तरीनं डब्यात डोकावून वास घेतला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे आता जुनाही सोसेना," तो म्हणाला. "संपलं गं माझं. शिडी विकून टाक."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला आजारी पडायला रंगसुद्धा लागत नाही! त्या मेल्या दुकानदाराची जीभ कशी झडली नाही!" रडू आवरत तिनं ब्रश उचलला, डबा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिडी चढली.

वर छताला वारा नव्हता. हाच वास तिनं इतकी वर्षं घेतला होता. आज तो जरा उग्रच वाटला. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असेल, असं तिनं मनाला बजावलं.

"काय गं, काय होतंय?" खालून मिस्तरीनं विचारलं.

"मला काय धाड भरलीये!" ती खेकसली, आणि ब्रश शिडीला अडकवलेल्या डब्यात टाकून तिनं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.