चहा-भाताचे डोहाळे
सुनेला पाचवा महिना लागला तेव्हा मी अमेरिकेत ट्रॉयला लेकाकडे आले. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. वरण-भात, खिचडी, टोस्ट, सगळं उलटून पडायचं. वजन असंच घटलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तिला एकच हवं होतं, माहेरचा चहा-भात. ती हाक्का चिनी. त्यांच्यात चहाची पानं, तुळस, पुदिना, शेंगदाणे आणि तीळ खलात वाटतात, वर उकळतं पाणी ओततात आणि तो हिरवागार चहा भाज्या पसरलेल्या भातावर घेऊन जेवतात. पण जवळच राहणाऱ्या आमच्या विहीणबाई जुन्या वळणाच्या. एवढा पाला म्हणजे थंड, पोटुशी बाईने खायचा नाही, असं सांगून त्यांनी साफ नकार दिला होता.

माझं डोकंच फिरलं. अहो, डोहाळे पुरवायचे असतात! नाहीतर पुढे बाळाची लाळ गळते, एवढंही कळू नये?

"आई, प्लीज, तू मध्ये पडू नकोस," लेक म्हणाला. "हिच्या ममा अपसेट होतील यार."

मी त्याला डॉक्टरीणबाईंना फोन करायला लावला. जेवणापुरतं चालेल, म्हणाल्या. मग मी खलबत्ता काढला.

सुनेने पहिला घास घेतला आणि थांबली. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. एवढ्यात दारात किल्ली फिरली आणि विहीणबाई आत आल्या. त्यांची नजर थेट वाडग्यावर गेली.

"हे कुणी दिलं?"

"मी," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय. पोरगी उपाशी आहे." भांडायला मी पदर खोचूनच उभी होते.

त्या भांडल्या नाहीत. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या आधी एक होतं. सासूपासून लपवून मी हेच खाल्लं होतं. त्याच आठवड्यात ते गेलं."

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मूल भातामुळे गेलं नसणार हे मला कळत होतं, पण इतकी वर्षं तेच धरून बसलेल्या बाईला मी काय सांगणार होते? माझा राग पार उतरला.

"मला भूक लागलीय, ममा," सून हळूच म्हणाली.

विहीणबाईंनी वाडगं तिच्यासमोर सरकवलं.

"खा," त्या म्हणाल्या. "गार होतंय."

ती जेवली. तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसून होतो. आता भीती मलाही वाटत होती.