पहिले फेरे सोडून द्यायचे

ग्लेनिस तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ. जिलाँग शहरातल्या एका प्रयोगशाळेत तिचं आयुष्य प्लास्टिकच्या पट्ट्या छळण्यात गेलं. साधं प्लास्टिक नव्हे हो, आपला मूळ आकार लक्षात ठेवणारं! गरम करून वाकवायचं, तसंच धरून थंड करायचं, वाकलेलंच राहतं. पुन्हा गरम केलं की मुकाट सरळ होतं. यंत्रावर दिवसभर हेच फेरे. पहिल्या काही फेऱ्यांत पट्टी जरा कमी सरळ होते, मग स्थिरावते. म्हणून तिथली रीतच होती, पहिले फेरे सोडून द्यायचे आणि खरं मोजमाप नंतर धरायचं.

नवरा मर्व्ह बंदरावर क्रेन चालवायचा. त्याला पक्षाघात झाला आणि उजव्या हाताची मूठ वळली. ग्लेनिसची साहेबीण ह्युएन हिनं डॉक्टरांशी बोलून हाताला बांधायची तशीच एक पट्टी दिली. कोमट पाण्यात हात बुडवला की पट्टी सरळ व्हायची आणि तिच्याबरोबर बोटंही उघडायची. पहिल्या सकाळी मर्व्हनं त्या हातात टोस्ट धरला, तेव्हा ही फटकळ बाई ढसाढसा रडली.

पुढच्या आठवड्यात मर्व्ह म्हणाला, "ग्लेन, आज करंगळी उघडली नाही बघ."

"अरे, पहिलेच फेरे आहेत. पट्टी बसतेय अजून. माझी हयात गेली यात, मला शिकवू नकोस."

"पट्टीपण माझ्यासारखीच आळशी दिसतेय!"

दोघंही हसली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जायचं होतं, ते ग्लेनिसनं पुढे ढकललं. पट्टी स्थिरावू दे, मग दाखवू म्हणाली. बोटं मात्र रोज थोडी थोडी आत वळत गेली. पुढे तर नखं तळव्यात रुतायला लागली.

शेवटी तिनं पट्टी नेऊन यंत्राला लावली. आजवर कुठल्याही पट्टीचं तिनं वाईट चिंतलं नव्हतं. आज मात्र मनात एकच धावा, देवा, ही बिघडलेली निघू दे. पाणी तापलं. पट्टी सरळ झाली. पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ! दुपारपर्यंत एकही फेरा चुकला नाही.

ह्युएन हळूच म्हणाली, "पट्टी ठणठणीत आहे, ग्लेनिस. हात कधीपासून आखडतोय?"

ग्लेनिसनं यंत्र बंद केलं आणि मर्व्हला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी मूठ उघडून पाहायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. स्नायू आखडले होते. आधी आला असतात तर बरं झालं असतं, म्हणाले. आता शस्त्रक्रिया केली तरी पूर्वीसारखा हात होणार नाही.

"हिची पट्टी मात्र पास झाली बरं का, डॉक्टर," मर्व्ह अभिमानानं म्हणाला. "एकदाही चुकली नाही!"

"मर्व्ह, गप्प बस रे," ती कळवळून म्हणाली. "मीच तुला थांबवलं."

तिनं त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि ऊब देत बसून राहिली. दुसरं काही तिला येत नव्हतं.