टेपचे कोरे चार इंच

लंडनमधल्या इल्फर्डच्या ज्या घरात मी खोली भाड्याने घेऊन तीन वर्षं राहिलो, त्या घरात दोन देवघरं होती. एक स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कपाटात, ते घरमालकीण काकूंचं. दुसरं फ्रंट रूममध्ये, शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर, ते काकांचं. त्यात देव एकच. अंगावर लष्करी गणवेश, छातीवर दोन ओळी पदकं, हातात छडी आणि चेहऱ्यावर नुकतंच भरपेट जेवण झाल्याचं समाधान. आफ्रिकेतल्या एका लहान देशाचा हा हुकूमशहा. काका त्याचे खास शिंपी होते. हुकूमशहा हा शब्द मात्र काकांसमोर चालत नसे. ‘साहेब’ म्हणायचं.

काकांचे वडील रत्नागिरीहून शिलाई मशीन घेऊन आफ्रिकेत गेले होते. तेच मशीन घेऊन काका लंडनला आले, कारण एके दिवशी साहेब गादीवरून पडले आणि साहेबांच्या जवळच्या माणसांना तिथे राहणं अवघड झालं. आता सत्तरी ओलांडलेले काका त्याच मशीनवर गल्लीतल्या मुलांच्या शाळेच्या पँटी आखूड करत आणि शेजारणींचे पडदे शिवत. दर सोमवारी सकाळी ते खुर्चीवर चढून साहेबांच्या फोटोची काच पुसत. खुर्ची धरायला मी असे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं, पुण्याहून आलेला मी एकतीस वर्षांचा एकटा माणूस, सोमवारी ऑफिसला उशिरा जायला मला एवढं कारण पुरत असे.

खरं सांगायचं तर काकांच्या गोष्टींची मला चटक लागली होती. लिव्हरपूल स्ट्रीटहून ट्रेनने घरी आलो की मी कोटसुद्धा न काढता फ्रंट रूममध्ये जाऊन बसायचो. साहेबांना निळा रंग का आवडत नसे, साहेब आरशासमोर सलाम कसा ठोकत, पदकं वाढली तशी छाती पुरेना म्हणून कोटाची कॉलर आखूड कशी करावी लागली. पण सगळ्यांत झकास गोष्ट टेपची.

साहेब गादीवर आले तेव्हा त्यांची कंबर अडतीस होती. पुढे खाणं वाढलं आणि चालणं बंद झालं. पण कंबर अडतीसच राहिली पाहिजे असा साहेबांचा हुकूम. आधीच्या शिंप्याने एकदा खरं माप मोठ्याने वाचलं होतं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच्या जागी काका आले. काकांनी डोकं चालवलं. टेपच्या सुरुवातीला, एक आकडा यायच्या आधी, त्यांनी एक इंच कोरी पट्टी जोडली. माप घेताना ती मुठीत धरायची. पुढे दर दोन वर्षांनी आणखी एक. सहा वर्षांत चार इंच झाले.

‘साहेब वाकून आकडा बघायचे,’ काका सांगत, ‘थर्टी एट! असे खूश व्हायचे, लहान मुलासारखे. मन फार मोठं होतं त्यांचं.’

‘कंबरेएवढं?’ मी विचारायचो.

‘अरे, मन मोठं होतं म्हणतोय मी. बाकीचे लोक वाईट होते. आजूबाजूचे. साहेबांना काही कळूच द्यायचे नाहीत.’

माणसाच्या कंबरेचं खरं माप त्याला कळू न देणारे काका हे वाक्य अगदी मनापासून म्हणत. मी हसून हसून बेजार व्हायचो आणि पुन्हा एकदा सांगा म्हणायचो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. टेपची गोष्ट सुरू झाली की काकू उठून आत जात.

काकांनी मलाही तीन पँटी शिवून दिल्या, वर्षाला एक. पाठीमागे उभे राहून ते टेप फिरवत आणि म्हणत, ‘बत्तीस. पुण्याहून आलास तेव्हा होती तेवढीच. शाब्बास!’ त्या पँटी मला झकास बसत. उलट दुकानात बत्तीसची घेतली की बटण लागत नसे. काकूंच्या हातची पुरणपोळी आणि शुक्रवारची बिअर यांचा त्याच्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही. इथले लोक बत्तीसच्या नावाखाली तीस विकतात असं माझं ठाम मत झालं. ते मी दुकानातल्या मुलीला दोनदा ऐकवलंही. तिने सॉरी म्हणून पँट बदलून दिली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, लेस्टरहून एक फोन आला. त्या दिवशी काकूंनी पोळ्या लाटता लाटता मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. त्याच देशात, शाळेत मास्तर. साहेबांच्या वाढदिवशी शाळांना सुट्टी असे. हा म्हणाला, परीक्षा जवळ आलीय, मी वर्ग घेणार. वर्ग चालू असताना जीप आली. तो परत आला नाही. त्याची बायको तान्ही मुलगी घेऊन लेस्टरला आली आणि तिने या घरात कधी पाऊल टाकलं नाही. का, ते त्या भिंतीकडे बघितलं की कळत होतं. आता ती वहिनी गेली होती. तान्ही मुलगी बत्तीस वर्षांची झाली होती आणि येत्या रविवारी आत्याला भेटायला येणार होती.

पिठाच्या डब्यामागून काकूंनी एक फोटो काढला. पोस्टकार्डाएवढा. चष्मा, किडकिडीत मान, शर्टाच्या खिशाला पेन.

‘रविवारपर्यंत तो खाली उतरला पाहिजे आणि हा तिथे लागला पाहिजे. एवढंच माझं मागणं आहे. तीस वर्षं मागतेय. तुझं ऐकतात ते. तू सांग त्यांना.’

मी सांगितलं. कसं सांगितलं तेही लिहायला हवं. म्हटलं, ‘काका, रविवारपुरती साहेबांना सुट्टी द्या की.’ काका हसले. मीही हसलो. ‘साहेबांचं मीठ खाल्लंय रे,’ ते म्हणाले, ‘पाहुणे आले म्हणून देव उतरवतात का?’ मी आत जाऊन काकूंना म्हणालो, ‘राहू दे ना काकू, तिला पण गंमत वाटेल.’ काकूंनी फोटो पुन्हा डब्यामागे ठेवला. माझ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काय बिनसलंय हे मला कळेना, इतका मी शहाणा.

रविवारी ती आली. फार्मसीत काम करणारी, नीटनेटकी, हातात सुपरमार्केटचा केक. ‘आत्या, तुमचा घर खूप छान आहे,’ म्हणाली. मग तिची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली.

‘हे आमचे साहेब,’ काका म्हणाले.

‘आय नो,’ ती म्हणाली.

काकूंनी सगळ्यांच्या हातात चहाचे कप दिले. मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, ‘काका, टेपची गोष्ट सांगा ना.’

काकांनी सांगितली. अगदी रंगवून, उभं राहून, ड्रॉवरमधून टेप काढून. तिनेही नीट ऐकली. चार इंच संपले तेव्हा हसणारा मी एकटाच होतो. तिने कप खाली ठेवला.

‘आतोबा, तुम्ही माप कधी घ्यायचे? हाऊ ऑफन?’

‘दर तीन महिन्यांनी.’

‘माझा बाबाला नेलं, त्याच्यानंतर पण?’

‘हो... म्हणजे, पुढच्याच आठवड्यात होती फिटिंग.’

‘मग तुम्ही त्यांना विचारलं? व्हेअर इज ही?’

काका टेपची घडी घालू लागले. घातली, मोडली, पुन्हा घातली. ‘तोंडात टाचण्या होत्या,’ ते म्हणाले. ‘फिटिंगच्या वेळी तोंडात टाचण्या असतात. बोलता येत नाही.’

ती भांडली नाही. केक कापलाही नाही. आत्याला बराच वेळ मिठी मारली आणि पाचच्या ट्रेनने निघून गेली. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. मला माझी लाज वाटली. त्या गोष्टीत हसायचं कुठे हे तीन वर्षं मी काकांना दाखवत आलो होतो.

आठवडाभर घरात फक्त मशीनचा आवाज होता. सोमवारी कुणी खुर्चीवर चढलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी आलो, तर काका खिडकीपाशी उजेडाला बसून काहीतरी उसवत होते. कुणाचा तरी पडदा असेल असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी त्यांनीच मला हाक मारली. ‘ये, पँटचं माप देऊन जा.’ फ्रंट रूममध्ये गेलो. साहेबांच्या खिळ्यावर मास्तर लागले होते. फोटो लहान, त्यामुळे भोवती वॉलपेपरचा न विटलेला मोठा चौकोन दिसत होता. साहेब कुठे गेले हे मी विचारलं नाही. मशीनवर कोऱ्या पट्टीचे चार तुकडे पडले होते, दोरे लोंबत असलेले.

मी हात वर करून उभा राहिलो. काकांनी सवयीने तोंडात टाचण्या धरल्या, पाठीमागून टेप फिरवली आणि थांबले. दारात काकू उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

काका टाचण्यांमधून काहीतरी पुटपुटले.

‘टाचण्या काढा आधी,’ काकू म्हणाल्या. ‘मग बोला.’

काकांनी एकेक टाचणी काढली आणि मशीनशेजारच्या छोट्या उशीत खोचली. सहा होत्या. शेवटची खोचून झाल्यावरही ते उशीकडेच बघत राहिले.

‘विचारायला हवं होतं मी,’ ते म्हणाले.

 काकू या वेळी आत गेल्या नाहीत.  हात खाली घे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तसाच उभा होतो. मग काकांनी टेप पुन्हा माझ्या कंबरेभोवती आणली, आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचला.

‘छत्तीस.’